मोतीबिंदू: पिकण्याची वाट का पाहू नये

साठी-पासष्टी ओलांडलेल्या माणसाचा वाचायचा चष्मा एक दिवस आपोआप सुटतो. वर्षानुवर्षं पेपर वाचायला चष्मा लागत होता आणि आता औषधाच्या पाकिटावरची बारीक तारीखसुद्धा उघड्या डोळ्यांनी वाचता येते. घरात कौतुक होतं. कोणी गाजराच्या रसाला श्रेय देतं, कोणी प्राणायामाला. पण त्याच माणसाला घाटकोपर स्टेशनबाहेरच्या थांब्यावर बेस्टची बस पुढ्यात येईपर्यंत तिचा नंबर दिसत नाही. रात्री एलबीएस मार्गावरून चालताना समोरच्या गाड्यांचे दिवे पसरट दिसतात आणि डोळे दिपतात. जिन्याची शेवटची पायरी कुठे संपली ते पायाने चाचपावं लागतं.

जवळचं सुधारलं आणि लांबचं बिघडलं, हे एकाच वेळी कसं झालं? दोन्हींचं कारण एकच आहे. डोळ्यातलं नैसर्गिक भिंग मध्यभागी कडक आणि दाट होऊ लागलं की त्याची प्रकाश वाकवण्याची ताकद वाढते. डोळ्याला उणे नंबर येतो. उणे नंबरवाल्याला जवळचं चष्म्याशिवाय दिसतंच. तेव्हा उतारवयात सुटलेला चष्मा ही बहुतेक वेळा मोतीबिंदूची पहिली खूण असते. हे सुख फार टिकत नाही. काही महिन्यांत किंवा वर्षा-दोन वर्षांत जवळचंही धूसर होऊ लागतं.

पुढे काय करायचं, याबद्दल आपल्याकडे एक सल्ला पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे: "अजून पिकू द्या." आजच्या शस्त्रक्रियेसाठी हा सल्ला चुकीचा आहे. तो का चुकीचा आहे, ऑपरेशनच्या दिवशी नेमकं काय घडतं आणि नंतर काय सांभाळायचं, ते क्रमाने पाहू.

## भिंग गढूळ कसं होतं

डोळ्याच्या काळ्या-तपकिरी वर्तुळाच्या मध्यावर जे काळं छिद्र दिसतं, ती बाहुली. तिच्या लगेच मागे हे भिंग असतं. रुंदी सुमारे ९ ते १० मिलिमीटर, जाडी साधारण ४ मिलिमीटर. त्याच्याभोवती एक अतिशय पातळ, पारदर्शक पिशवी असते. प्रकाश या भिंगातून जाऊन मागच्या पडद्यावर, म्हणजे दृष्टिपटलावर, नेमका पडतो.

भिंगात साधारण दोन तृतीयांश पाणी आणि एक तृतीयांश प्रथिनं असतात. प्रकाश अडू नये म्हणून त्यात एकही रक्तवाहिनी नसते, आणि आतल्या पेशींनी आपलं केंद्रकही टाकून दिलेलं असतं. पारदर्शकपणासाठी मोजलेली ही किंमत मोठी आहे, कारण अशा पेशींना खराब झालेलं प्रथिन बदलून नवं तयार करता येत नाही. भिंगाच्या अगदी मधल्या भागातली प्रथिनं आपण जन्मण्याआधी तयार झालेली असतात आणि तीच आयुष्यभर पुरवायची असतात. बाहेरच्या बाजूने नवे थर चढत राहतात, आतले दाबले जातात.

उन्हातले अतिनील किरण आणि शरीरातल्या रासायनिक क्रिया यांमुळे या प्रथिनांची रचना हळूहळू बिघडते. ती एकमेकांना चिकटून त्यांच्या गुठळ्या होतात. मग प्रकाश सरळ पार न जाता इकडेतिकडे विखुरतो. दिवे पसरट दिसतात ते यामुळेच. मधुमेह, धूम्रपान, स्टिरॉइडची औषधं दीर्घकाळ घेणं आणि डोळ्याला मार लागणं यांमुळे हा बिघाड लवकर होतो.

गढूळपणा कुठे सुरू होतो त्यावर त्रास ठरतो. मध्यभागी सुरू झाला तर वर सांगितल्याप्रमाणे आधी उणे नंबर वाढतो. कडेने सुरू झाला तर बरेच दिवस फारसं जाणवत नाही. मागच्या पृष्ठभागावर झाला तर मात्र त्रास झपाट्याने वाढतो. हा प्रकार मधुमेही आणि स्टिरॉइड घेणाऱ्यांमध्ये जास्त दिसतो. अशा माणसाला दुपारच्या उन्हात कमी दिसतं आणि संध्याकाळी बरं वाटतं, कारण उन्हात बाहुली आकसते आणि प्रकाशाला नेमक्या त्या डागातूनच जावं लागतं.

मोतीबिंदू डोळ्याच्या वरच्या पृष्ठभागावर आलेली साय नव्हे, तो बाहुलीच्या मागे आहे. म्हणून मध, गुलाबपाणी किंवा कुठलाही रस डोळ्यात घालून तो विरघळत नाही. उलट जंतुसंसर्ग मात्र होऊ शकतो. मोतीबिंदू विरघळवणारं सिद्ध झालेलं औषध आजवर उपलब्ध नाही. गढूळ झालेलं भिंग काढून तिथे कृत्रिम भिंग बसवणं हा एकच उपाय आहे.

## 'पिकू द्या' हा सल्ला कुठून आला

मोतीबिंदूवरची शस्त्रक्रिया फार जुनी आहे. सुश्रुतसंहितेत तिचं वर्णन येतं. डोळ्यात शलाका घालून गढूळ भिंग प्रकाशाच्या वाटेतून बाजूला सारत. भिंग डोळ्याबाहेर काढण्याची रीत फ्रान्सच्या जाक दाव्हिएल यांनी १८व्या शतकाच्या मध्याला रूढ केली. त्यानंतर दोनशे वर्षं तंत्र सुधारत गेलं, पण भिंग अखंड बाहेर काढायचं तर छेद मोठाच लागे. टाके पडत. रुग्णाला कित्येक दिवस मान न हलवता पडून राहावं लागे. नंतर भिंगाविना राहिलेल्या डोळ्याला सुमारे +१० नंबरचा जाड चष्मा लागे. त्यातून वस्तू मोठ्या दिसत, कडेचं नीट दिसत नसे आणि अंतराचा अंदाज चुके.

इतका त्रास आणि शेवटी असा चष्मा मिळणार असेल, तर दृष्टी अगदीच जाईपर्यंत थांबणं शहाणपणाचं होतं. शिवाय पिकून घट्ट झालेलं भिंग त्या पद्धतीत सहज निघे. म्हणून आपल्या आजी-आजोबांना मिळालेला सल्ला त्यांच्या काळापुरता योग्य होता.

दोन शोधांनी हे चित्र बदललं. पहिला शोध कृत्रिम भिंगाचा. दुसऱ्या महायुद्धात विमानाच्या छताचे प्लॅस्टिकचे कण काही वैमानिकांच्या डोळ्यांत घुसले होते, आणि ते तिथे निमूट राहिले असल्याचं लंडनचे नेत्रशल्यविशारद हॅरॉल्ड रिडली यांच्या लक्षात आलं. त्याच प्रकारच्या प्लॅस्टिकचं भिंग त्यांनी २९ नोव्हेंबर १९४९ रोजी लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात प्रथम एका रुग्णाच्या डोळ्यात बसवलं. दुसरा शोध अमेरिकेच्या चार्ल्स केलमन यांचा. दातांवरचं कीटण काढणारं दंतवैद्याचं ध्वनिलहरींचं यंत्र पाहून त्यांना कल्पना सुचली, आणि १९६७ मध्ये त्यांनी ध्वनिलहरींनी भिंगाचा चुरा करून तो शोषून घेण्याची पद्धत वापरली. हेच आजचं 'फेको'.

आता घट्टपणा फायद्याचा राहिला नाही. भिंग जितकं कडक, तितकी ते फोडायला ध्वनिलहरींची ऊर्जा जास्त लागते. ती ऊर्जा डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक काचेच्या, म्हणजे कॉर्नियाच्या, आतल्या पेशींना इजा करू शकते आणि या पेशी पुन्हा वाढत नाहीत. फार पिकलेलं भिंग फुगून डोळ्यातला दाब वाढवू शकतं किंवा त्यातला द्रव झिरपून डोळा लाल होतो आणि ठणकतो. तेव्हा मात्र घाईने, जास्त जोखमीत ऑपरेशन करावं लागतं.

वाट पाहण्याची किंमत देशाच्या पातळीवरही दिसते. २०१५ ते २०१९ या काळात झालेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणात पन्नाशीपुढच्या लोकांमधल्या अंधत्वापैकी ६६.२ टक्के अंधत्व मोतीबिंदूमुळे असल्याचं आढळलं. हे अंधत्व शस्त्रक्रियेने दूर होण्यासारखं होतं.

मग योग्य वेळ कोणती? ती तुमचं रोजचं जगणं ठरवतं. स्टेशनवरचा इंडिकेटर वाचता येत नाही, पुलाच्या पायऱ्या उतरताना भीती वाटते, रात्री गाडी चालवणं सोडून दिलं आहे, तांदूळ निवडताना खडे दिसत नाहीत, समोरचा ओळखीचा माणूस हाक मारेपर्यंत कळत नाही. यातलं काही होत असेल आणि चष्म्याचा नंबर बदलूनही फरक पडत नसेल, तर वेळ आली आहे. एका आठवड्यात करा अशी घाई सहसा नसते. मधुमेहींनी मात्र रेंगाळू नये. मोतीबिंदू दाट झाला की डॉक्टरांना मागचा पडदा दिसत नाही आणि तिथे मधुमेहाने चाललेलं नुकसान वेळेवर कळत नाही.

## ऑपरेशनआधी: मोजणी आणि कबुली

शस्त्रक्रियेचं यश निम्मं आधीच्या तपासणीत ठरतं. बाहुली मोठी करण्याचे थेंब घालून पडदा तपासतात, डोळ्यातला दाब मोजतात. काचबिंदू किंवा पडद्याचा आजार असेल तर भिंग बदलूनही दृष्टी पूर्ण परतणार नाही. याबद्दल आधीच स्पष्ट विचारून घ्या.

त्यानंतर डोळ्याची लांबी आणि कॉर्नियाची गोलाई मोजून कृत्रिम भिंगाची पॉवर काढतात. प्रौढ डोळ्याची लांबी साधारण २३ ते २४ मिलिमीटर असते. या मोजणीत एका मिलिमीटरची चूक झाली तर चष्म्याचा नंबर अडीच ते तीनने चुकू शकतो. तरुणपणी चष्मा घालवण्याचं लेझर ऑपरेशन झालं असेल तर ते आवर्जून सांगा, कारण त्यामुळे हा हिशोब बदलतो. कॉन्टॅक्ट लेन्स वापरत असाल तर मोजणीआधी किती दिवस बंद ठेवायची ते विचारा.

दोन औषधांची माहिती लपवू नका. प्रोस्टेटसाठी टॅमसुलोसिन घेत असाल किंवा पूर्वी घेतलं असेल, तर ऑपरेशनच्या वेळी बाहुली आकसते आणि तिच्याभोवतीचा रंगीत पडदा सैल होऊन फडफडतो. सर्जनला आधी ठाऊक असेल तर तो तयारी करून ठेवतो. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्याही सांगा. त्या स्वतःच्या मनाने बंद करू नका, निर्णय डॉक्टरांवर सोडा. रक्तदाब आणि साखर आटोक्यात हवी. डोळे आले असतील किंवा कुठे पिकलेली जखम असेल तर तारीख पुढे ढकलणं चांगलं.

भिंग कोणतं बसवायचं, हा प्रश्न सगळ्यांना गोंधळात टाकतो. प्रकार मुख्यतः तीन:

एकाच अंतराचं (मोनोफोकल). सहसा लांबचं स्पष्ट दिसेल असं बसवतात, वाचायला चष्मा लागतो. प्रतिमा स्वच्छ मिळते, खर्च सर्वांत कमी. बहुसंख्य लोकांना हे पुरेसं असतं.

टोरिक. ज्यांना मोठा आडवा-तिरपा, म्हणजे सिलिंड्रिकल, नंबर आहे त्यांचा तो नंबर हे भिंग भरून काढतं.

बहुअंतरी (मल्टिफोकल, ट्रायफोकल). लांबचं आणि जवळचं दोन्ही बरंचसं चष्म्याविना दिसतं. मात्र रात्री दिव्यांभोवती वलयं दिसू शकतात आणि मंद उजेडात प्रतिमा थोडी फिकी पडते. रात्री गाडी चालवणाऱ्यांनी आणि पडद्याचा आजार असणाऱ्यांनी ते घेण्याआधी नीट विचार करावा.

महाग भिंग म्हणजे जास्त टिकाऊ असं समजू नका. यातलं कुठलंही आयुष्यभरासाठीच बसवलेलं असतं. फरक चष्म्यावर किती अवलंबून राहायचं एवढाच.

## त्या वीस मिनिटांत काय घडतं

बहुतेकांना दाखल व्हावं लागत नाही. सकाळी जाऊन दुपारपर्यंत घरी. उपाशी राहायचं का, नेहमीच्या गोळ्या घ्यायच्या का, हे रुग्णालय सांगेल तसं करा. तिथे तुमचं नाव आणि कोणता डोळा हे पुन्हापुन्हा विचारतील. कंटाळू नका, ती तुमच्याच सुरक्षिततेची पद्धत आहे. बाहुली मोठी करणारे थेंब घालतात. डोळा बधिर करायला फक्त थेंब पुरतात किंवा डोळ्याच्या बाजूला एक इंजेक्शन देतात. पूर्ण भूल सहसा लागत नाही, तुम्ही जागे असता. डोळा आणि भोवतालची त्वचा जंतुनाशकाने धुतात, चेहरा कापडाने झाकतात आणि पापण्या उघड्या ठेवायला छोटा चाप लावतात, त्यामुळे डोळा मिटेल ही चिंता नको.

आता आतल्या पिशवीकडे वळू. उशीला अभ्रा असतो तसं भिंगाभोवतीचं हे आवरण समजा. आतली उशी खराब झाली आहे, अभ्रा चांगला आहे. अभ्रा जागेवर ठेवून उशी बदलायची, एवढंच या ऑपरेशनमध्ये करतात.

पहिल्यांदा कॉर्नियाच्या कडेला दोन ते तीन मिलिमीटरचा छेद घेतात. तो अशा तिरप्या पद्धतीने घेतलेला असतो की नंतर डोळ्यातल्या दाबानेच मिटतो, टाका लागत नाही. मग अभ्र्याच्या पुढच्या बाजूला गोल तोंड उघडतात. फेकोची बारीक नळी आत घालून ध्वनिलहरींनी भिंगाचे तुकडे करून शोषून घेतात. अभ्रा रिकामा झाला की घडी घातलेलं नवं भिंग त्याच छोट्या छेदातून आत सरकवतात. ते आत उलगडतं आणि आपल्या दोन बारीक पायांवर अभ्र्यात स्थिर बसतं. त्याचा मधला गोल भाग साधारण ६ मिलिमीटरचा असतो.

गुंतागुंत नसेल तर एवढ्याला पंधरा-वीस मिनिटं लागतात. तुम्हाला तीव्र प्रकाश, हलणारे रंग, पाण्याचा ओलावा आणि यंत्राचे आवाज जाणवतील. दुखत नाही, थोडा दाब जाणवतो. डोकं स्थिर ठेवायचं. खोकला आला किंवा घाबरायला झालं तर न हलता तोंडाने सांगायचं.

'लेझरने मोतीबिंदू काढला' असं लोक सर्रास म्हणतात, पण फेकोमध्ये ध्वनिलहरी वापरतात. काही ठिकाणी लेझर यंत्र असतं, मात्र ते छेद घेणं आणि भिंगाचे भाग पाडणं अशा सुरुवातीच्या पायऱ्यांसाठी. फार कडक मोतीबिंदूसाठी थोड्या मोठ्या, सुमारे सहा-सात मिलिमीटरच्या छेदाची, पण तरीही बिनटाक्याची आणि हाताने करायची पद्धत आहे. भारतात ती शिबिरांत आणि सरकारी रुग्णालयांत मोठ्या प्रमाणावर वापरली गेली आहे आणि चांगल्या हातांत तिचे परिणाम उत्तम येतात. 'फेको नाही म्हणजे हलकं ऑपरेशन' असं समजू नये.

## पट्टी सुटल्यावर

दुसऱ्या दिवशी तपासणी असते. काहींना लगेच स्वच्छ दिसतं, काहींना आठवडाभर धुकं वाटतं. दोन्ही ठीक आहे. डोळ्यात वाळू गेल्यासारखं खुपणं, पाणी येणं, उजेड सहन न होणं हे पहिले काही दिवस चालतं.

सगळ्यांत आश्चर्य वाटतं ते रंगांचं. म्हातारं भिंग पिवळट-तपकिरी झालेलं असतं आणि निळा प्रकाश अडवतं. ते निघाल्यावर निळा रंग एकदम उजळतो. पांढरी भिंत निळसर वाटते, आकाश गडद वाटतं. फ्रेंच चित्रकार क्लोद मोने यांच्या उजव्या डोळ्याचं ऑपरेशन १९२३ मध्ये झालं, आणि त्यानंतर त्यांनाही रंगांतला हा बदल तीव्रपणे जाणवला. काही आठवड्यांत मेंदूला नव्या रंगांची सवय होते.

दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन व्हायचं असेल तर मधल्या काळात दोन डोळ्यांच्या नंबरात मोठा फरक पडू शकतो. अंतराचा अंदाज चुकतो. रेल्वे पुलाचे जिने, बसची पायरी आणि लोकल यांबाबत या दिवसांत जास्त जपा.

## पहिले काही आठवडे

छेद मिटलेला असला तरी पक्का भरून यायला वेळ लागतो. तोवर तीन गोष्टी टाळायच्या: डोळ्यावर दाब, डोळ्यात पाणी आणि डोळ्यात घाण.

थेंब हे या काळातलं मुख्य औषध. जंतुनाशक आणि सूज कमी करणारे थेंब ठरलेल्या क्रमाने चार ते सहा आठवडे, हळूहळू कमी करत घालायचे असतात. बरं वाटलं म्हणून मध्येच सोडायचे नाहीत. हात साबणाने धुवायचे, खालची पापणी ओढून एक थेंब सोडायचा, बाटलीचं टोक डोळ्याला लावायचं नाही. दोन औषधांमध्ये पाचेक मिनिटांचं अंतर ठेवायचं. हात थरथरत असेल तर घरातल्या कोणी तरी ही जबाबदारी घ्यावी.

झोपताना डोळ्यावर टोपण लावा, कारण झोपेत डोळा चोळला जातो. पहिले आठ-दहा दिवस डोक्यावरून आंघोळ नको. चेहरा ओल्या कापडाने पुसा. केस धुवायचेच असतील तर डोकं मागे करून दुसऱ्या कोणाकडून धुवून घ्या. पाण्याचा हंडा, गॅसचं सिलिंडर, नातवंडं उचलणं थोडे दिवस बंद. पोहणं महिनाभर बंद.

स्वयंपाकाला हरकत नाही, पण मिरचीची फोडणी आणि कढईतला तेलाचा तडतडाट पहिल्या आठवड्यात दुसऱ्यावर सोपवा. गर्दीच्या वेळची लोकल टाळा. एखादा कोपर डोळ्याला लागायला वेळ लागत नाही. होळीचे रंग आणि विसर्जनाचा गुलाल यांपासून दूर राहा. बाहेर पडताना काळा चष्मा लावा, तो धूळही अडवतो. गाडी चालवायला डॉक्टरांनी दृष्टी तपासून परवानगी दिल्याशिवाय सुरुवात करू नका.

ज्यांची उगाच भीती बाळगली जाते अशाही काही गोष्टी आहेत. टीव्ही, मोबाइल, वाचन यांनी नव्या भिंगाला काहीही होत नाही. आंबट खाल्ल्याने डोळा पिकत नाही. मधुमेहींनी साखरेचं पथ्य पाळायचं, इतरांनी नेहमीचं जेवायचं. 'ऑपरेशन थंडीतच करावं' हीसुद्धा मोठ्या छेदाच्या काळातली समजूत. आज ते कुठल्याही ऋतूत होतं. मुंबईच्या पावसात केलं तर छत्री आणि काळा चष्मा सोबत ठेवून पहिले दिवस भिजणं टाळायचं, इतकंच.

चौकट: ताबडतोब डॉक्टरांकडे जा, जर...

- दुखणं कमी होण्याऐवजी वाढत असेल
- सुधारलेली दृष्टी पुन्हा कमी होऊ लागली असेल
- लाली वाढत असेल, पापणी सुजली असेल किंवा पू येत असेल
- डोळ्यासमोर विजेसारखे लखलखाट किंवा अचानक खूप काळे ठिपके दिसत असतील
- एका बाजूने पडदा पडत आल्यासारखं वाटत असेल
- डोकेदुखीबरोबर मळमळ, उलट्या होत असतील

सकाळपर्यंत वाट पाहू नका. फोन लागला नाही तर थेट रुग्णालय गाठा.

या चौकटीला महत्त्व आहे. डोळ्याच्या आत जंतुसंसर्ग होणं फार विरळ आहे, काळजीपूर्वक केलेल्या हजार शस्त्रक्रियांमागे साधारण एक किंवा त्याहूनही कमी. पण झाला तर तासांचा हिशोब असतो. जानेवारी २०१९ मध्ये जोगेश्वरीच्या महापालिका ट्रॉमा रुग्णालयात मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर काही रुग्णांना असा संसर्ग झाला आणि त्यातल्या काहींची त्या डोळ्याची दृष्टी गेली. निर्जंतुकीकरणाची जबाबदारी रुग्णालयाची. लक्षण दिसताच तक्रार करण्याची जबाबदारी मात्र आपली आणि घरच्यांची.

## पुढची वर्षं

चष्म्याचा पक्का नंबर चार ते सहा आठवड्यांनी काढतात. त्याआधी महागडा चष्मा करून घेऊ नका.

काही महिन्यांनी किंवा वर्षांनी पुन्हा धूसर दिसू लागलं तर लोक म्हणतात मोतीबिंदू परत आला. तो परत येत नाही, कारण गढूळ होणारं भिंगच आता उरलेलं नाही. होतं असं की अभ्र्याची मागची बाजू उरलेल्या पेशींमुळे जाडसर होते. ओपीडीतच काही मिनिटांत याग लेझरने तिच्या मध्यभागी खिडकी उघडतात. कापाकापी नाही, पट्टी नाही, आणि हे एकदाच करावं लागतं. हा खरा लेझरचा उपचार.

भिंग बदललं म्हणजे डोळ्याची काळजी संपली असं नाही. काचबिंदू, मधुमेहाने पडद्यावर होणारा परिणाम, वयाने पडदा झिजणं हे आजार नंतरही होऊ शकतात. वर्षातून एकदा तपासणी चालू ठेवा.

फायदा केवळ वाचनापुरता नाही. अमेरिकेत २०१२ मध्ये ११ लाखांहून अधिक मोतीबिंदू रुग्णांच्या नोंदींचा अभ्यास प्रसिद्ध झाला. ऑपरेशन झालेल्यांमध्ये पुढच्या वर्षभरात खुब्याचं हाड मोडण्याचं प्रमाण ऑपरेशन न झालेल्यांपेक्षा १६ टक्के कमी आढळलं. उतारवयात खुबा मोडणं म्हणजे काय, हे ज्या घराने पाहिलं आहे त्याला या आकड्याचं मोल वेगळं सांगायला नको.

मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेल्यांनाही नेत्रदान करता येतं. नेत्रदानात कॉर्निया वापरतात आणि भिंग बदलल्याने ती वाट बंद होत नाही. मृत्यूनंतर साधारण सहा तासांच्या आत ती काढून घ्यावी लागते. तोवर पंखा बंद ठेवून पापण्या मिटून त्यांवर ओला कापूस ठेवायचा. ही इच्छा घरच्यांना आधीच सांगून ठेवावी.

## कुठे आणि किती खर्चात

मुंबईच्या उपनगरांत खासगी नेत्ररुग्णालयं गल्लोगल्ली आहेत, आणि खर्च मुख्यतः भिंगाच्या प्रकारावर बदलतो. आरोग्य विम्यात मोतीबिंदूसाठी बऱ्याचदा दोन वर्षांचा प्रतीक्षाकाळ आणि ठरावीक मर्यादा असते, म्हणून ऑपरेशनची तारीख घेण्याआधी पॉलिसी वाचा. ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षं पूर्ण झालेल्या प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असलं तरी, आयुष्मान भारत योजनेचं कार्ड काढता येतं. योजनेत असलेल्या रुग्णालयात त्याबद्दल विचारा.

पैशांची अडचण आहे म्हणून थांबायचं कारण नाही. पार्ले-अंधेरीकरांना कूपर, घाटकोपर-मुलुंडकरांना राजावाडी, बोरिवली-कांदिवलीकरांना शताब्दी म्हणजेच डॉ. बाबासाहेब आंबेडकर रुग्णालय अशी महापालिकेची रुग्णालयं जवळ आहेत. फक्त डोळ्यांसाठीचं महापालिकेचं मुरली देवरा नेत्र रुग्णालय कामाठीपुऱ्यात आहे. भायखळ्याच्या सरकारी जे. जे. रुग्णालयाचा नेत्रविभाग तर राज्यभर नावाजलेला. लातूर जिल्ह्यातून आलेले डॉ. तात्याराव लहाने यांनी तिथे आणि राज्यभरच्या शिबिरांत मिळून एक लाखाहून अधिक मोतीबिंदूच्या शस्त्रक्रिया केल्या आणि २००८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. आनंदवनातल्या कुष्ठरुग्णांसाठीही त्यांनी शिबिरं घेतली. ज्यांना रुग्णालयाची पायरी चढता येत नव्हती, त्यांना त्यांनी दृष्टी दिली.

शहरात आता पायरी जवळ आहे, पण अनेक ज्येष्ठ ती चढत नाहीत. 'माझं कुठे काय अडलंय' म्हणत ते वाचन सोडतात, संध्याकाळी बाहेर पडणं सोडतात, आणि घरच्यांना वाटतं वय झालं. तुमच्या घरात असं कोणी असेल तर या आठवड्यात त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे घेऊन जा. पन्नाशी ओलांडलेल्या प्रत्येकाने वर्षातून एकदा बाहुली मोठी करून डोळे तपासून घ्यावेत. मोतीबिंदू निघाला आणि त्याने रोजचं काम अडत असेल, तर तो पिकायची वाट न पाहता तारीख ठरवा.